ताईबाईचं ताट

ताईबाईच्या घरून कुणी अर्ध्या पोटी उठलं, असा एक माणूस काटेवाडीत दाखवून द्या. नाही सापडायचा. पाहुणा असो, गाय बघायला आलेला दलाल असो, नाहीतर मीटर बघायला आलेला वायरमन असो, ताईबाई त्याला ताटावर बसवायची आणि मग त्याची सुटका नसायची. कुणी ताटावर हात आडवा धरलाच, तर ती सरळ हातावर वाढायची. गरम पिठलं हातावर पडलं की कुठलाही शहाणा माणूस हात काढून घेतो. "माज्या गळ्याची आण हाय" हे तर तिच्या जिभेवर कायमचं बसलेलं. तिचा नवरा बाजीराव म्हणायचा, "येवढ्या आणा घातल्या, तरी गळा अजून शाबूत हाय, हेच नवल!"

आणि अशा बाईच्या पोटची एकुलती एक पोर जेवत नव्हती.

करुणा पंचविशीची. भवानीनगरला शाळेत शिकवायची, रोज एसटीनं जायची-यायची. आदल्या वर्षी, म्हणजे त्र्याण्णवच्या पावसाळ्यात, तिला कावीळ झाली. तीन महिने तेल नाही, तूप नाही, नुसता ताकभात. बरी झाली तेव्हा अंगानं उतरली होती, आणि शाळेतल्या बाया म्हणाल्या, "अगं, किती छान दिसायला लागलीस!" झालं. कावीळ गेली, पण पथ्य काही गेलं नाही. आधी तेल सुटलं ते सुटलंच, मग भात सुटला, मग भाकरी अर्ध्यावर आली, चतकोरावर आली. गावातल्या बाया चतुर्थीचं नाहीतर एकादशीचं नाव सांगून ताट परत करतात, पण करुणाला तीही सोय नव्हती. तिच्या आजोबानं छप्पन साली धम्म घेतला, तेव्हाच देवांबरोबर उपासतापाससुद्धा नीरा नदीत सोडून दिले होते. मग ती म्हणायची, "शाळेत जेवले." आणि डबा खरोखरच रोज धुतल्यासारखा रिकामा यायचा. ताईबाई खूश. फाट्यावरची कुत्री एवढी तुकतुकीत कशी झालीत, याचा विचार तिच्या मनाला शिवला नाही.

मग एके सकाळी शाळेत प्रार्थनेच्या रांगेतच करुणा कोसळली. हेडमास्तरांनी जीपमध्ये घालून तिला बारामतीच्या एका दवाखान्यात आणलं. तिथल्या डॉक्टरांनी बाजीराव आणि ताईबाईला बाजूला घेऊन सांगितलं, हृदयाचे ठोके मंद पडलेत, पोरगी महिनोन् महिने उपाशी आहे, हे असंच चाललं तर हाती लागायची नाही. आणि हे नुसतं पोटाचं दुखणं नाही, मनाचं आहे. दर गुरुवारी पुण्याहून मनाचे डॉक्टर येतात, त्यांना दाखवा.

"मंजी माजी पोरगी येडी म्हनताय व्हय?" ताईबाई कडाडली.

"नाही हो मावशी," डॉक्टर म्हणाले. "वेडी असती तर रोजचा डबा इतक्या हुशारीनं संपवला असता का?"

तेव्हा कुठं फाट्यावरच्या तुकतुकीत कुत्र्यांचा अर्थ तिच्या ध्यानात आला. ती दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली.

मनाचे डॉक्टर खळदकर निघाले साठीचे, हळू बोलणारे. गुरुवार हा बारामतीच्या बाजाराचा दिवस. बाहेर कोथिंबिरीच्या जुड्यांवरून भांडणं चाललेली, आणि आत हे शांतपणे करुणाशी बोलत बसायचे, तेही दार लावून. ताईबाईला ते दार अजिबात सोसायचं नाही. "माज्याच लेकीशी बोलायला ह्यास्नी माज्या तोंडावर दार लावायला लागतं," ती नवऱ्याजवळ धुमसायची. "आन नुसतं बोलून कुनी बरं हुतं व्हय? तसं असतं तर तुमची गुडघेदुखी मी कवाच घालवली असती."

पण खळदकर एकटे नव्हते. वजनाला जयवंता सिस्टर होती. ती करुणाला काट्यावर पाठमोरी उभी करायची आणि आकडा करुणालाच काय, कुणालाच सांगायची नाही. काय खायचं ते ठरवायला साजिया तांबोळी होती. बारामतीचीच, मुंबईला आहारशास्त्र शिकून आलेली, बोलायला मऊ आणि आतून लोखंड. पहिल्याच गुरुवारी सगळ्यांना एका खोलीत बसवून डॉक्टर म्हणाले, "हे आजारपण एकट्यादुकट्याला आवरणारं नाही. आपण सगळे मिळून एक टीम."

"हुतूतूवानी?" ताईबाईनं विचारलं.

"अगदी तसंच. हात धरून साखळी करायची आणि सोडायची नाही."

मग साजियानं नियम सांगितले. करुणाच्या ताटाकडे टक लावून बघायचं नाही. जेवताना जेवणाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आग्रह करायचा नाही, आण तर मुळीच घालायची नाही.

ताईबाईला वाटलं, ही पोर आपली चेष्टा करतेय. "आगं बये, पोरगी मरायला टेकली आन मी तिला 'खा' म्हनू नगं? मग मी आई कशाची?"

"मावशी, तुम्ही 'खा' म्हटलं की तिच्या डोक्यातला आजार 'खाऊ नको' म्हणतो. दोघांच्या भांडणात ती पिचते." मग साजियानं सहज विचारावं तसं विचारलं, "तुम्ही कधी जेवता?"

"मी? सगळ्यांचं झाल्यावर."

"कुठं?"

"चुलीम्होरं. उरलंसुरलं खाऊन घेती की. माज्या जेवनाचं काय घिऊन बसलाय?"

तोवर करुणा मान खाली घालून बसली होती. ती पहिल्यांदाच बोलली. "मी आईला जेवताना कधी बघितलंच न्हाई."

ताईबाईला उगाच कुणीतरी आपली चोरी पकडल्यासारखं वाटलं. खरंच की, लग्न झाल्यापासून ती भिंतीकडं तोंड करून, करपलेली भाकरी पातेल्याच्या बुडाच्या कालवणाला लावून चार घासांत आटोपायची. बाईमाणसानं चारचौघांत तोंड हलवणं तिला कसंसंच वाटायचं. साजिया म्हणाली, "मग चौथा नियम तुमच्यासाठी. रोज संध्याकाळी करुणासमोर स्वतःचं ताट वाढून घ्यायचं. तिला जे, तेच तुम्हाला. सावकाश, पोटभर जेवायचं आणि तोंडानं दुसऱ्या गप्पा मारायच्या."

त्या संध्याकाळी ताईबाई ताटावर बसली खरी, पण लग्नातल्या नवरीसारखी. पदर सावरला, मांडी बदलली, घास उचलला आणि परत ठेवला. बाजीराव मिशीत हसत होता. गप्पा मारायच्या म्हणून ती बोलायला गेली, "कपिलीनं आज..." आणि जीभ चावली, कारण गाईनं आज पेंड खाल्ली नव्हती, आणि ते झालंच खाण्याचं. मग म्हणाली, "शेजारच्या कुशाबाईच्या सुनंला सातवा लागला, आता डोहाळजेव..." आणि पुन्हा थांबली. कारखान्याचा भोंगा झाला, तर म्हणाली, "पट्टा पडला वाटतं, हंगाम सपला, आता साखर..." मग बाजीराव एवढा हसला की त्याला ठसका लागला. त्या बाईच्या तोंडात कुठलाही विषय घाला, तो फिरून चुलीपाशीच यायचा!

"आई, तू ल्हानपनी काय करायचीस?" करुणानं विचारलं. जेवायची वेळ टाळायलाच विचारलं असेल. पण विचारलं.

"काय करनार? इंदापूरकडं, माज्या म्हायेरी, शेरडं राखायचो. आन शेरडं चरायला लागली की हुतूतू."

"तू? हुतूतू?"

"मग! चढाईला मीच असायची. येकदा सहाजनींनी मला धरून ठिवली. पाय धरलं, कंबर धरली, पार आडवी पाडली. रेघ हातभर लांब. दम संपत आलेला. मग मी काय केलं, मानंला असा झटका दिला आन वेनी टाकली रेघंवर! वेनी टेकली रेघंला!"

"मग?"

"मग काय, भांडन! त्यातली साखरबाई म्हनली, वेनी धरायची न्हाय, वेनी मंजी अंग न्हवं. मी म्हनलं, माज्या डोक्याला लागून हाय, मग अंग न्हाय तर काय शेरडाचं शेपूट हाय?"

करुणा हसली. किती महिन्यांनी हसली होती, कुणास ठाऊक! आणि हसता हसता तिच्या हातातला घास तोंडात गेला. आजवर असल्या वेळी ताईबाईनं पळी उचलली असती. आता तिनं नुसता आपला घास चावला आणि भांडण पुढं चालू ठेवलं.

मग रोज संध्याकाळी ते वेणीचं भांडण लागायचं. साखरबाईनं आपला भाऊ आणला, ताईबाईनं चुलता आणला, पंच म्हणून मेंढक्याला बसवलं आणि तो कुणाचंच न ऐकता झोपला. खरं किती आणि मनचं किती, देव जाणे. करुणाचं ताट कधी संपायचं, कधी अर्धंच राहायचं. एखाद्या दिवशी ती ताटासमोर बसून नुसती रडायची, मग बाजीराव तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायचा. पण ती बसायची. दर गुरुवारी साजिया म्हणायची, "चाललंय हळूहळू."

ते 'हळूहळू'च ताईबाईला नडलं. पोरीच्या मनगटाची हाडं दिसतात आणि ह्यांचं आपलं हळूहळू! एका संध्याकाळी तिनं कपिलीच्या दुधाचं घरचं तूप कढवलं आणि करुणाच्या वाटीतल्या आमटीत चांगली पळीभर सोडून घोटून टाकलं. कळतंय कुणाला! आईनं चोरून घातलेलं तूप म्हणजे काय विष आहे?

करुणानं पहिला घास घेतला आणि ती थांबली. वाटी उचलून दिव्याकडं धरली.

"आई, ह्यात काय घातलंस?"

"कुटं काय? काय न्हाय."

"आई."

"काय न्हाय गं! माज्या गळ्याची आण!"

करुणानं वाटी खाली ठेवली, ताट पुढं सरकवलं आणि उठून आत गेली. त्या रात्री ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बाजीरावानं भाकरी केली. वेडीवाकडी, नकाशासारखी. त्यातली चतकोर तिनं समोर बसून खाल्ली, कारण ती करताना तिनं स्वतः बघितली होती.

गुरुवारी काट्यावर जयवंता सिस्टरनं तोंडानं काही सांगितलं नाही, पण तिचा चेहरा सांगायचा तो राहिला नाही. डॉक्टरांनी सगळ्यांना बसवलं आणि सरळच सांगितलं, "वजन उतरलंय. पुढच्या गुरुवारी आणखी उतरलं तर करुणाला पुण्याला दाखल करावं लागेल. नळीनं अन्न द्यावं लागेल. नाइलाज आहे."

ताईबाई काही बोलणार, तोच करुणा बोलली. "कावीळ झाली तवा आईच म्हनायची, तेलाचा थेंब पोटात गेला तर जीव जाईल. रोज म्हनायची. तेच माज्या डोक्यात बसलंय, मला निघतच न्हाई. आन आता तीच आई चोरून तूप घालती, आन गळ्याची आण घिऊन न्हाई म्हनती. मी कुठल्या आईचं ऐकू?"

ताईबाईला कुणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. पथ्य सांभाळलं तिनंच होतं, डोळ्यांत तेल घालून. तेव्हा पोर जगावी म्हणून थेंब चुकवला, आता पोर जगावी म्हणून पळी ओतली. दोन्ही वेळा जीव तुटत होता म्हणूनच केलं, आणि दोन्ही वेळा पोरीच्याच मुळावर आलं. ती डॉक्टरांसमोर हात जोडून उभी राहिली. "मला तुमच्या टीममधनं काढा. साखळी मीच सोडली. मी बाद."

डॉक्टरांनी तिला बसायची खूण केली. "ताईबाई, तुमच्या वेणीचं भांडण करुणानं मला सगळं सांगितलंय."

"आँ? दार लावून हेच बोलताय व्हय?"

"हेसुद्धा बोलतो. मला सांगा, हुतूतूत बाद झालेल्या गड्याचं काय होतं?"

"रेघंच्या भाईर बसायचं. आपल्या गड्यानं समोरचा मारला की परत आत यायचं."

"मग बसा," डॉक्टर म्हणाले. साजियानं एवढंच जोडलं, की घरात तूप लपवायचं नाही. वाटीत घालून सगळ्यांच्या मधोमध ठेवायचं. कुणी घेईल, कुणी नाही.

ताईबाई बाहेर बसली, म्हणजे खरोखरच बसली. स्वयंपाक करून, तुपाची वाटी मधोमध ठेवून ती उठून चुलीकडं जायची आणि पहिल्यासारखं भिंतीकडं तोंड. पण आता गंमत अशी झाली, की तिच्याच घशाखाली घास उतरेना. उभ्या जन्मात भुकेला कधी नाही न म्हटलेली बाई, पण भाकरीचा तुकडा तोंडात फिरफिर फिरायचा. पुणं, नळी, पांढरी खाट, एवढंच डोळ्यांसमोर यायचं. दोन दिवस तिचं ताट तसंच गाईपुढं गेलं.

तिसऱ्या संध्याकाळी मागं भांड्याचा आवाज झाला. ताईबाईनं वळून बघितलं. करुणा स्वतःचं ताट एका हातात आणि तुपाची वाटी दुसऱ्या हातात घेऊन आली होती. ती आईसमोर खाली बसली. तिनं आईच्या ताटाकडं बघितलं. भाकरी अखंड होती.

"तू जेवली न्हाईस."

"मला भूक न्हाय," ताईबाई म्हणाली, आणि बोलल्यावर तिच्या ध्यानात आलं की हे शब्द कुणाचे.

करुणाच्याही ध्यानात आलं. आपण हे वर्षभर म्हणत होतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या काळजाचं काय होत होतं, ते तिला त्या क्षणी कळलं असावं, कारण तिचे डोळे भरले. पण तिनं "खा" म्हटलं नाही, की आण घातली नाही. ती टीममधली होती ना! तिनं चमचाभर तूप आईच्या भाकरीवर सोडलं. मग चमचा वाटीत ठेवला. मग परत उचलला. एखादा शब्द निसटून जाईल या भीतीनं ताईबाईनं ओठ घट्ट मिटले होते. करुणानं अर्धा चमचा, नुसता अर्धाच, स्वतःच्या आमटीत सोडला.

"मेंढका उठला का पुढं?" ती म्हणाली.

"कोन मेंढका?"

"पंच गं! वेनी अंग का न्हवं?"

ताईबाईनं डोळे पुसले. नाक ओढलं. "उठला की. उठला आन म्हनला, दोन्ही पार्ट्या येडझव्या हायत." आणि तिनं भाकरीचा तुकडा मोडला. करुणानंही मोडला. दारात बाजीराव येऊन उभा होता, तो आल्या पावली मागं गेला. करुणाचा तो घास गिळायला फार वेळ लागला, आणि तेवढा वेळ ताईबाईनंही आपला घास तोंडात धरून ठेवला. मग दोघींनी एकदमच गिळला.

गुरुवारी करुणा काट्यावर पाठमोरी उभी राहिली. ताईबाई दाराशी. जयवंता सिस्टर वाकली, सरळ झाली, परत एकदा वाकली. खोलीत बाजाराचा गलका येत होता. सिस्टर म्हणाली, "चला, घरी जा."

"घरी?" ताईबाईनं विचारलं.

"मग कुठं जायचंय तुम्हाला? घरी जा, पुढच्या गुरुवारी या."

ताईबाईनं त्या सिस्टरला मिठीच मारली. मग पिशवीतून धपाट्यांचा डबा काढला, आणि टीममधल्या बाकीच्यांना आग्रह करायचा नाही असा काही नियम नव्हता, म्हणून साजियानं आडवा धरलेल्या हातावरच धपाटं ठेवलं.

म्हणजे करुणा बरी झाली, असं नाही हं. हे दुखणं तसलं नसतं. पुढं कितीतरी गुरुवार गेले. काही चांगले, काही वाईट. दिवाळीत फराळाच्या ताटांनी ती पार बिथरली होती, तेव्हा खळदकर डॉक्टर सुट्टी सोडून येऊन बसले. वेणीच्या भांडणात तोवर दोन गावं आणि एक पोलीसपाटील ओढले गेले होते.

पण एक गुरुवार सांगायलाच पाहिजे. उन्हाळा लागला होता. दवाखान्यातून निघून दोघी मायलेकी एसटी स्टँडवर आल्या. काटेवाडीची गाडी नुकतीच गेली होती, दुसरीला अवकाश होता. स्टँडबाहेर एका हातगाड्यावर भजी तळली जात होती, तो वास येत होता. करुणा त्या कढईकडं बघत होती. मग आईकडं न बघताच म्हणाली, "आई, मला भूक लागलीय गं."

वर्ष-दीड वर्षात हे वाक्य त्या पोरीच्या तोंडून निघालं नव्हतं. ताईबाईच्या जिभेवर एकदम सगळं धावून आलं. काय खातीस, हे घे, ते घे, पोटभर खा, माज्या गळ्याची आण हाय! सगळंच्या सगळं तिनं गिळलं. पदराचा शेव मुठीत घट्ट आवळला. आणि भरल्या बाजारात, चारचौघांत, जन्मात पहिल्यांदा बोलली,

"मला बी."

मग दोघी गाड्याशेजारच्या बाकड्यावर समोरासमोर बसल्या.